जुनाट स्नायूदुखी आणि स्नायूंतील गाठी: उपचारांपूर्वी वाचावे असे काही

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात एक्स-रेचे पाकीट असते आणि ‘नस दबली आहे’ हे निदान त्यांनी स्वतःच करून ठेवलेले असते. काही वेळा ते खरेही ठरते. मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या मान, खांदा आणि कंबरदुखीत अनेकदा मूळ स्नायूंमध्येच असते, आणि ते एक्स-रेत किंवा नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. बोटांनी चाचपूनच शोधावे लागते.

स्नायूचा एखादा पट्टा दोरीसारखा ताठ होतो आणि त्या पट्ट्यात एक बारीक, अतिशय दुखरा ठिपका तयार होतो. यालाच ट्रिगर पॉइंट म्हणतात. बोलताना आपण त्याला गाठ म्हणतो, परंतु हा शब्द ऐकून काही जण धास्तावतात, म्हणून स्पष्ट सांगतो, की या गाठीचा कर्करोगाच्या गाठीशी काहीही संबंध नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह १९८३ मध्ये या विषयावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कोणत्या स्नायूची कळ शरीरात कुठे उमटते याचे नकाशेच त्यात दिले. गाठ नेमकी कशी तयार होते याविषयी वैद्यकशास्त्रात आजही मतभेद आहेत. स्नायूचा तो भाग आखडलेलाच राहतो, तेथील रक्तपुरवठा कमी पडतो आणि त्यामुळे तो आणखी आखडतो, हे त्यांपैकी सर्वाधिक मांडले जाणारे स्पष्टीकरण आहे.

या दुखण्याचा खरा चकवा असा, की दुखते एकीकडे आणि गाठ असते दुसरीकडे. खांद्याच्या वरच्या स्नायूतील गाठीची कळ मानेच्या कडेने कानशिलापर्यंत चढते आणि माणूस अर्धशिशीच्या गोळ्या घेत राहतो. खुब्याजवळच्या एका लहान स्नायूतील गाठीमुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत कळ उतरते आणि ती हुबेहूब सायटिकासारखी, म्हणजे कंबरेतून पायात जाणारी नस दुखल्यासारखी भासते. खांद्याच्या पुढच्या भागात दुखत असेल, तर गाठ पुष्कळदा पाठीमागे, फऱ्यावर सापडते. म्हणून आपण दाखवलेल्या जागेपासून वीतभर दूर आम्ही चाचपू लागलो, तर नवल वाटून घेऊ नये.

निपाणीकडे तासन्‌तास मान खाली घालून विड्या वळणाऱ्या भगिनी, बेळगावातल्या वडगाव-शहापूरचे मागावर काम करणारे विणकर, उद्यमबागेत लेथसमोर दिवसभर उभे राहणारे कारागीर आणि खानापूर भागात वाकून भातलावणी करणारे शेतकरी, यांचे स्नायू वेगवेगळे दुखतात, पण कारण बहुधा एकच असते: एकाच स्थितीत, विश्रांतीविना पडणारा ताण. हे कारण तसेच ठेवून केवळ गाठ सोडवली, तर ती पुन्हा धरते. त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही आपल्या कामाविषयी जरा जास्तच प्रश्न विचारतो.

उपचारांची सुरुवात हाताने करावी, असे आमचे मत आहे. गाठीवर सोसेल इतपत, साधारण अर्धा ते दीड मिनिट स्थिर दाब द्यायचा, त्यानंतर तो स्नायू सावकाश ताणायचा आणि पंधरा मिनिटे कोमट शेक घ्यायचा. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी शेकताना विशेष जपावे, कारण चटका बसलेला कळत नाही. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हाच दाब घरीही देता येतो. मणक्यावर मात्र चेंडू ठेवू नये. तालमीतल्या मालिशीने अंग मोकळे होते हे खरे, पण दुखऱ्या गाठीवर जोर लावून रगडल्यास दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले आढळते.

एवढ्याने भागले नाही, तर ड्राय नीडलिंगचा विचार करता येतो. यात औषध नसलेली बारीक सुई थेट गाठीत घालतात. स्नायू क्षणभर फडफडतो आणि नंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते. औषधाविना केवळ सुईनेही वेदना कमी होते, हे डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्येच मांडले होते. छातीच्या आणि खांद्याच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा गरोदरपण असेल, तर ते आधी सांगावे. भूल देणारे औषध गाठीत टोचण्याचा उपाय डॉक्टरांचा आहे. आमच्याकडे तो होत नाही.

ध्वनिलहरींनी उपचार करणारे अल्ट्रासाऊंडचे यंत्र आमच्याकडेही आहे, परंतु या दुखण्यावर त्याचा उपयोग होतो याचे पुरावे तोकडे असल्याने केवळ त्याच्या बैठका आम्ही सुचवत नाही. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या चार दिवसांचा आधार देतात. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्या, तर जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो.

सर्वांगच दुखत असेल, झोप होऊनही थकवा जात नसेल, तर थायरॉईड आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. ताप, कारणाविना घटणारे वजन, हातापायांतील ताकद कमी होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल, तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखून ती कळ डाव्या हातात जात असेल, तर गाठी शोधण्यात वेळ दवडू नये.

येताना सैल कपडे घालावेत आणि जुने अहवाल व चालू औषधांची यादी सोबत आणावी. व्यायामाचा कागद मराठीत किंवा कन्नडमध्ये, आपल्याला हवा तसा मिळेल. सहा बैठकांनंतरही फरक दिसला नाही, तर पुढच्या बैठका न घेता आम्ही आपली नोंद लिहून देऊन आपल्याला डॉक्टरांकडे पाठवतो.