सहा व्होल्टच्या डायनॅमोला लगाम

जुनी जावा रात्री चौकात उभी करा, हेडलाइट पिवळा पडून मिणमिणायला लागतो. मूठ पिळली की लख्ख. डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला असेल तर दिवा इतका लख्ख होतो की बल्बच उडतो आणि बॅटरीतलं पाणी आटतं.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ज्या गाड्या बाहेर पडल्या, त्यांत डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेलं असे. इंजिन पाचपट वेगाने फिरलं की डायनॅमोही पाचपट. व्होल्टेज ठरतं दोन गोष्टींवर: फिरण्याचा वेग आणि चुंबकाचा जोर. वेग तुमच्या मुठीत, म्हणजे आवरायचं ते चुंबकाला. हे चुंबक म्हणजे फील्ड कॉइल. तिच्यातला प्रवाह कमी केला की व्होल्टेज उतरतं.

जुना रेग्युलेटर हे काम एका पत्तीवर करत असे. व्होल्टेज चढलं की छोटी कॉइल पत्तीला ओढते, पॉइंट उघडतात, फील्डचा प्रवाह घटतो. उतरलं की स्प्रिंग पॉइंट पुन्हा जोडते. सेकंदाला कितीतरी वेळा. झाकण काढलंत तर बारीक गुणगुण ऐकू येते. पण दर उघडझापीला ठिणगी पडते, पॉइंट जळतात, मग कुणीतरी पॉलिश पेपर मारतं, कुणी पक्कडीने पत्ती वाकवतं. तीन सेलच्या बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण ७.२ व्होल्ट लागतात. पक्कडीला पाव व्होल्ट काय समजणार?

म्हणून पत्तीऐवजी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं सर्किट घरी बांधायचं. पुण्याच्या बुधवार पेठेत सगळे भाग मिळतात: २.५ व्होल्टचा स्थिर संदर्भ देणारा टीएल-४३१, तुलना करणारा एलएम-३९३ आणि फील्ड चालू-बंद करणारा मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार). बॅटरीचं व्होल्टेज रेझिस्टरांनी विभागून संदर्भाशी ताडायचं. खाली १० किलोओहम, वर १५ किलोओहम आणि ५ किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर. प्रीसेट फिरवून ६.२५ ते ७.५ व्होल्टमध्ये कुठेही थांबता येतं. फील्ड कॉइलला एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा समांतर जोडायला विसरू नका. प्रवाह तोडताच कॉइल उलटी उसळी मारते आणि मॉस्फेट जातो. (इथे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आणि फील्डचं एक टोक रेग्युलेटरमार्गे बॉडीला, असं धरलं आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांत पुष्कळदा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, तिथे हीच जोडणी चालायची नाही.)

इंजिन बंद असताना बॅटरी डायनॅमोत रिकामी होऊ नये म्हणून पूर्वी कटआउट, म्हणजे जोडणी तोडणारा स्विच, असे. त्याच्या जागी शॉटकी डायोड, कारण त्यावर व्होल्टेज कमी वाया जातं. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट जातात. बारा व्होल्टच्या गाडीत ते खपून जातं, सहाच्या गाडीत चांगलंच बोचतं.

खरी गोम पुढे आहे. जुन्या पत्तीचे पॉइंट मुळात जोडलेले असत. बॅटरी साफ उतरलेली असली तरी धक्का मारून इंजिन फिरलं, की लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर डायनॅमो स्वतःला उठवायचा. मॉस्फेट मुळात बंद. गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, दोन-तीन व्होल्ट मिळाल्याशिवाय तो हलत नाही, आणि ते व्होल्ट तर डायनॅमोनेच द्यायचे! त्यासाठी कमी गेट-व्होल्टेजवर चालणारा, लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट घ्यायचा आणि फील्ड क्षणभर बॉडीला टेकवणारं एक पुश-बटण ठेवायचं. जुन्या रेग्युलेटरच्या कॉइलवर आणखी एक जाड वेटोळं असे, ज्यातून सगळा प्रवाह जायचा. ४५ वॉटच्या डायनॅमोवर उतरलेली बॅटरी तुटून पडली की ते वेटोळं डायनॅमोला सांभाळायचं. नुसतं व्होल्टेज पाहणारं सर्किट मात्र आर्मेचर जळेपर्यंत प्रवाह देत राहील, तेव्हा प्रवाहाची मर्यादाही घालावीच लागते.

गाडीला लावण्याआधी टेबलावर तपासा. फील्डच्या जागी सहा व्होल्टचा बल्ब लावा आणि बदलत्या व्होल्टेजचा पुरवठा हळूहळू वाढवा. ७.२ ला बल्ब पटकन विझला पाहिजे. मग प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका. सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक आहे, त्यावर काहीही जागचं हलतं.