पार्ट बदलला, बिल भरले, तरी दोष तसाच का राहतो?

आमच्याकडे येणाऱ्या अनेक ग्राहकांच्या हातात गाडीच्या किल्लीबरोबर जुन्या बिलांची चळत असते. त्या बिलांवर आधी एक सेन्सर, मग दुसरा सेन्सर, मग इंधनाचा पंप आणि प्रत्येक वेळी वेगळी मजुरी असा क्रम दिसतो, आणि एवढा खर्च होऊनही गाडी मूळ तक्रार घेऊनच आमच्या दारात उभी असते. अशा वेळी येणारा संताप रास्त आहे. काही प्रसंगी तो आमच्याच कामामुळे आलेला आहे, हेही आम्ही मान्य करतो. असे का घडते, ते टाळण्यासाठी आम्ही काय करतो आणि आपल्या बाजूने काय करता येईल, हे या पत्रकात सांगितले आहे.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

गाडीला स्कॅनर लावला की खराब झालेल्या पार्टचे नाव पडद्यावर येते, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना सक्तीच्या झालेल्या आणि नंतर इतरत्रही रूढ झालेल्या ओबीडी-२ या पद्धतीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने गाडीवर स्वतःच लक्ष ठेवण्याच्या पद्धतीचा, मुख्य हेतू धुरातील प्रदूषणावर नजर ठेवणे हा होता. कोणते मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, एवढे ती पद्धत एका क्रमांकाने, म्हणजे कोडने, नोंदवते. ते का गेले, हे शोधण्याचे काम मेकॅनिकचेच राहते.

उदाहरणार्थ, पी०१७१ या कोडचा अर्थ असा, की हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. ही गोष्ट धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरमुळे कळते, म्हणून अनेकदा तोच सेन्सर बदलला जातो आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. खरे कारण इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, रबरी पाइपला गेलेली चीर असू शकते, सुटलेली व्हॅक्यूमची नळी असू शकते, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असू शकते किंवा इंधनाचा कमी पडणारा दाबही असू शकतो. यांतले नेमके कोणते, याचा अंदाज स्कॅनरवरच्या चालू आकड्यांवरून बांधता येतो. इंजिन नुसते चालू ठेवल्यावर संगणक जास्तीचे इंधन देत असेल आणि फेरे मिनिटाला २५०० पर्यंत वाढवल्यावर ती जास्तीची मात्रा कमी होत असेल, तर बहुधा कुठून तरी बाहेरची हवा आत शिरत असते. उलट गाडीवर भार पडेल तशी ती मात्रा वाढत गेली, तर आम्ही इंधनाचा पंप आणि फिल्टर यांच्याकडे वळतो. या तपासणीला फार वेळ लागत नाही, तरीही ती सर्रास गाळली जाते.

मिसिंगच्या, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याच्या, तक्रारीत तर नवा पार्ट आणण्याआधीच खात्री करून घेता येते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) असलेल्या गाडीत आम्ही पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावतो, तिसऱ्याची पहिल्याला लावतो आणि गाडी चालवून पाहतो. कोड बदलून पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी आहे. तो पी०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष ठरते आणि मग स्पार्क प्लग, इंजेक्टर व शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या क्रमाने आम्ही पुढे जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या पार्टच्या, बाबतीत होते. कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड आला, की कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला दिला जातो, आणि अनेकदा तो खरोखरच निकामी झालेला असतो. मात्र मिसिंगमुळे न जळलेले इंधन किंवा इंजिन खात असलेले ऑइल त्याच्यापर्यंत पोहोचून तो निकामी झाला असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. तो कशामुळे गेला, हे सांगता येत नसेल, तर तो बदलण्याची घाई करू नये.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरीही

आमच्या स्वतःच्या चुकीचा एक प्रसंग येथे नमूद करतो. इंजिन तापल्यावर मध्येच बंद पडणारी एक गाडी आमच्याकडे आली होती. दुसरीकडे तिचा इंधनाचा पंप आधीच बदलून झाला होता. आम्ही क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा सेन्सर) बदलला, गाडी दोन दिवस नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडली. पंपाच्या प्लगवर मीटर लावला तेव्हा पुरते १२ व्होल्ट दिसत होते, म्हणून वायरिंग ठीक असल्याचे आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या खेपेस त्याच प्लगवर मीटरऐवजी हेडलाइटचा बल्ब जोडला, तेव्हा तो नुसता लालसर मिणमिणला. वायरचे वेष्टण सोलून पाहिले, तर आतले तांबे हिरवे पडले होते आणि जेमतेम दोन-तीन धागे शाबूत होते. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंपाने मात्र करंट मागितला, की तेच व्होल्टेज कोसळते. वायरचा वीतभर तुकडा बदलल्यावर दोष गेला. आम्ही बसवलेल्या सेन्सरची रक्कम ग्राहकाला परत केली. तेव्हापासून आमच्याकडे कोणताही विजेवर चालणारा पार्ट बदलण्यापूर्वी त्याचा सप्लाय आणि अर्थिंग भार टाकून तपासले जाते.

‘नुसते बघायचे पैसे?’

हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो, आणि तो विचारण्यात गैर काही नाही. हातात नवा पार्ट दिसला, की पैसे कशाचे दिले हे कळते. तपासणीनंतर मात्र हातात काहीच दिसत नाही. पण रात्रीतून बॅटरी उतरत असल्याची तक्रार पाहा. बॅटरी नवी टाकणे दहा मिनिटांचे काम आहे. खरी तपासणी करायची, तर गाडी लॉक करून आतले सर्व मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, झोपी जाईपर्यंत थांबावे लागते, आणि त्याला काही गाड्यांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. त्यानंतर बंद गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट घेत असेल, तर ते ठीक मानले जाते. तोच करंट अर्धा अँपिअर असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ५० अँपिअर-तासांची बॅटरी नवी असली तरी चार दिवसांत रिकामी होते. म्हणूनच तपासणीचा आकार आम्ही वेगळा लावतो आणि तो काम सुरू करण्यापूर्वीच सांगतो. तपासणीनंतर दुरुस्ती दुसरीकडे करून घेण्यास आमची हरकत नसते. चाचण्यांची लेखी नोंद आपल्याला दिली जाते.

गाडी आणताना

आपल्याकडून सर्वांत मोलाची मदत होते ती तक्रार नेमकी सांगण्याने. “फ्युएल पंप बदला” असे सांगितले, तर पंप बदलला जातो, आणि दोष पंपात नसेल तर तो राहतो. त्याऐवजी झटके थंड इंजिनवर येतात की गरम झाल्यावर, चढावर की सपाट रस्त्यावर, टाकीत इंधन किती असताना, पावसात वाढतात का, एसी लावल्यावर काय होते, हे सांगावे. आवाजाची तक्रार असेल, तर मोबाइलवरचे छोटे चित्रीकरण फार उपयोगी पडते, कारण आमच्यासमोर तो आवाज हटकून गप्प बसतो. येण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये आणि कोणाकडूनही कोड पुसून घेऊ नये. दोष आला त्या क्षणी वेग, तापमान आणि भार किती होता, याची नोंद कोडसोबत साठवलेली असते, आणि कोड पुसला की तीही जाते.

कोणताही महाग पार्ट बदलण्यास संमती देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, की हा पार्ट खराब असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरले. “बहुतेक हाच असेल” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, मग ते आमच्या माणसाकडून आलेले असले तरीही. काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा.

काही दोष आमच्या हाती लागत नाहीत. महिन्यातून एकदा येणारा दोष आमच्यासमोर आलाच नाही, तर अंदाजाने पार्ट टाकण्यापेक्षा गाडी तशीच परत देणे आम्ही पसंत करतो, आणि त्या वेळी फक्त तपासणीचे पैसे घेतो. जुन्या गाडीत दोन वेगळे दोष एकाच लक्षणामागे असणेही शक्य आहे. पहिला गेला तरी फरक जाणवत नाही आणि केलेले काम फुकट गेल्यासारखे वाटते. तपासणीत तसे आढळले, तर दोन्ही दोष आम्ही एकाच इस्टिमेटमध्ये दाखवतो, म्हणजे खर्च करायचा की गाडी विकायची, हे आधीच ठरवता येते.

दुरुस्तीनंतर डॅशबोर्डवरील दिवा विझला, एवढ्यावरून दोष गेला असे आम्ही धरत नाही. स्कॅनरने कोड पुसला तरी दिवा विझतो, आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला थंड इंजिनपासूनच्या काही फेऱ्या लागतात. यासाठी तक्रार सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाची असेल, तर आम्ही गाडी एक रात्र ठेवून घेतो. तीच तक्रार पुन्हा उद्भवली, तर फेरतपासणीचे पैसे घेतले जात नाहीत. गाडी परत आणताना जॉब कार्ड सोबत असावे, कारण कोणत्या चाचण्या होऊन गेल्या आहेत हे त्यावरूनच कळते आणि त्याच चाचण्यांसाठी गाडी पुन्हा अडकवून ठेवावी लागत नाही.