तुऱ्यापलीकडची कोंबडी

वायनडॉट ही अमेरिकेतली जुनी आणि देखणी कोंबडी. न्यूयॉर्क राज्यात ती घडली आणि 1883 मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. चंदेरी पिसांना काळी किनार, आणि डोक्यावर चपटा, बारीक दाण्यांचा, मागे निमुळता होत गेलेला तुरा. याला गुलाबतुरा म्हणू. जातीच्या मानकात, म्हणजे त्या जातीचा पक्षी कसा असावा हे सांगणाऱ्या लेखी नियमांत, तो सक्तीचा आहे. आपल्या गावरान कोंबड्याला असतो तसा उभा, दातेरी तुरा निघाला की तो पक्षी प्रदर्शनातून थेट बाद. त्यामुळे पैदास करणारे पिढ्यान् पिढ्या अशी पिल्लं वेगळी काढत आले आहेत. तरीही दरवर्षी थोडी निघतातच.

असं का व्हावं? गुलाबतुरा हा प्रभावी गुण आहे. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये दाखवून दिलं, की मेंडेलचे नियम वाटाण्याइतकेच प्राण्यांनाही लागू पडतात. गुलाबतुऱ्याच्या जनुकाची एक प्रत असली तरी तुरा गुलाबच दिसतो, दोन असल्या तरी गुलाबच. एकेक प्रत असलेल्या नर-मादीची जोडी लागली, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू उभ्या तुऱ्याचं निघतं. मग दोन प्रती असलेले पक्षीच निवडत गेलं की प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, आणि त्याचं कारण 2012 मध्ये उलगडलं. सातव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा कधी काळी उलटा जोडला गेला आणि त्यातून गुलाबतुरा आला. पण त्या उलथापालथीत तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं एक जनुक मोडलं. हे जनुक शुक्राणूंच्या हालचालीला लागतं. दोन प्रतींचा कोंबडा दिसायला मानकाबरहुकूम, पण त्याचे शुक्राणू मंद. कळपात एका प्रतीचा कोंबडा सोबत असला की जास्त पिल्लं त्याचीच होतात, आणि उभा तुरा वंशात टिकून राहतो.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पारंपरिक जातींची पारख करताना नुसत्या दिसण्यावर भर देणं नेमकं कुठे थांबवायचं, ते इथे कळतं.

आता मानक म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनमध्ये कोंबड्यांचं पहिलं मानक 1865 मध्ये निघालं. त्याचे संपादक टेगेटमायर हे डार्विनना पाळीव पक्ष्यांची माहिती पुरवणारे जाणकार. अमेरिकेत 1873 मध्ये बफेलो शहरात अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपलं मानक छापलं. ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या नावाने ते आजही सुधारून निघतं. प्रत्येक जातीचं वजन, पाठीचा कल, शेपटीचा कोन, तुरा, डोळ्यांचा रंग, पायांच्या नळ्यांचा रंग, पिसांच्या मुळाशी असलेला रंगसुद्धा त्यात लिहिलेला असतो. एकूण शंभर गुण. काही दोषांना गुण कापले जातात, तर काही दोष दिसताच पक्षी बाद होतो.

जाणता परीक्षक पिंजऱ्यासमोर उभा राहून निकाल देत नाही. तो पक्षी बाहेर काढतो, एका हाताच्या तळव्यावर त्याची छाती तोलतो आणि दुसऱ्या हाताने तपासत जातो. छातीचं हाड सरळ आहे का, की बोटाला वळण लागतं? पाठ खांद्यापासून मागेपर्यंत रुंद आहे, की शेपटीकडे चिमटली आहे? मग पंख पसरतो. बाहेरची दहा मोठी पिसं आणि आतली पिसं यांच्या मधोमध एक आखूड पीस असतं. ते नसलं की पंखात फट पडते, आणि हा दोष वंशात उतरतो. शेपटी एका बाजूला वाकडी असेल तर पाठीच्या कण्यात खोट असण्याची शक्यता. कोंबडी अंडी देत असेल तर मागच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात. अंडी बंद असली की हाडं जवळ आलेली असतात. यातलं बरंचसं लांबून दिसत नाही. फुगलेल्या पिसांखाली हडकुळी कोंबडी सहज लपते.

अमेरिकेतले मुरलेले पैदासकार नवशिक्याला सांगतात, आधी गोठा बांध, रंग मग दे. म्हणजे आधी हाडापेराची चण, मग पिसांचा रंग. बकाय जातीच्या पुनरुज्जीवनात या म्हणीचा कस लागला. ओहायोतल्या वॉरन गावच्या नेटी मेटकाफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही तांबूस-तपकिरी, वाटाण्यासारख्या बुटक्या तुऱ्याची कोंबडी घडवली. 1904 मध्ये तिला मान्यता मिळाली. मानकाप्रमाणे कोंबडा साधारण चार किलोचा, कोंबडी तीनची. शंभर वर्षांनी जात जवळपास संपत आली होती आणि उरलेले पक्षी अंगाने खुरटले होते. जुन्या जाती जपणाऱ्या ‘लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात काम हाती घेतलं, तेव्हा पक्षी निवडताना आधी अंग पाहिलं. कवटी किती रुंद, पंखांमागे छातीचा घेर किती, पाठ किती सपाट, अंग किती खोल, सोळा आठवड्यांना वजन किती. रंगाची बारीक निवड नंतर. काही पिढ्यांतच पक्षी लवकर भरू लागले आणि जात संस्थेच्या सर्वांत धोक्याच्या यादीतून बाहेर आली.

‘हेरिटेज’ कोंबडी कोणाला म्हणायचं, याची व्याख्याही याच संस्थेने केली आहे, आणि तीत रंगाचा उल्लेख नाही. जातीला विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मान्यता हवी, पैदास नैसर्गिक समागमाने हवी, वाढ सावकाश हवी, आणि कोंबडी मोकळ्या रानात पाच ते सात वर्षं उपयोगी राहिली पाहिजे.

उलट दिशेने गेलं की काय होतं, ते प्लायमाउथ रॉकमध्ये दिसतं. तिच्या पट्टेरी प्रकारात प्रत्येक पिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. पट्ट्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर बसलेलं आहे. नरात त्याच्या दोन प्रती, मादीत एकच. साहजिकच नर फिका आणि मादी गडद. प्रदर्शनात मात्र दोघंही एका छटेचे हवे होते. त्यासाठी काही पैदासकारांनी दोन वेगळे वंश चालवले, एक चांगल्या नरांसाठी, दुसरा चांगल्या तलंगांसाठी, म्हणजे तरुण माद्यांसाठी. पहिल्या वंशातल्या माद्या जास्तच गडद, दुसऱ्यातले नर जास्तच फिके, म्हणजे दोन्हीकडे अर्धी पिल्लं दिखाव्याच्या कामातून बाद. छोट्या कळपाला ही चैन परवडत नाही, आणि मला ती पटतही नाही. निवडीला मुळात पक्षी थोडे असताना त्यातले निम्मे छटेवरून घालवायचे, तर चण आणि जोम यांसाठी निवडायला उरतं काय?

पायांच्या नळ्यांचा पिवळा रंगही असाच. प्लायमाउथ रॉक, वायनडॉट, बकाय या सगळ्यांना पिवळ्याच नळ्या लागतात. हा रंग आला कुठून, ते 2008 मध्ये कळलं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. हा पक्षी भारताबाहेर कुठे नाही, आणि आपल्या सह्याद्रीच्या जंगलात त्याची बांग पहाटे ऐकू येते. या जनुकामुळे खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं कातडीत विघटन होत नाही, ते साठत जातं.

कोंबडी अंड्यावर आली की तेच रंगद्रव्य बलकाकडे वळतं. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी पांढरी पडते, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच, आणि सर्वांत शेवटी नळ्या. अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परततो. त्यामुळे शरद ऋतूतल्या प्रदर्शनात गर्द पिवळ्या नळ्यांची, नव्या पिसांची कोंबडी उठून दिसते. महिनोन् महिने अंडी देऊन नळ्या पांढुरक्या झालेली, पिसं झडायलाही उशीर झालेली कोंबडी शेजारी फिकी वाटते, आणि खरं तर पिल्लं तिचीच घ्यायला हवीत. म्हणून अनुभवी लोक प्रदर्शनाला अंड्यावर न आलेल्या तलंगा नेतात. पैदाशीसाठी ते दुसऱ्या वर्षातल्या कोंबड्या ठेवतात. पायात क्रमांकाचं कडं घालून कोणी किती अंडी दिली, कोण आजारपणातून तरली, कोणाची पिल्लं जगली, याची नोंद त्यांनी वर्षभर ठेवलेली असते. वायनडॉट पाळणारे त्या वहीत आणखी एक रकाना आखतात, कोणत्या कोंबड्याच्या अंड्यांतून किती पिल्लं फुटली याचा. तिथे आकडा सतत खाली राहिला, तर तुरा कितीही रेखीव असो, पुढच्या हंगामात माद्यांमध्ये दुसरा कोंबडा सोडला जातो.