आठ महिन्यांची ओहोटी

सकाळी सव्वासहाला पाण्याची कड जिथे होती, तिथे मी बेशरमाच्या झुडपाची एक काडी चिखलात रोवली आणि मागे येऊन बसलो. जागा हतनूर धरणाच्या फुगवट्याची. चांगदेवपाशी तापी आणि पूर्णा एकत्र येतात, त्या संगमाच्या खाली हे धरण. १९८२ साली पूर्ण झालेले, ४१ दरवाजांचे. महिना कार्तिक. पाठीमागे केळीच्या बागा, अंगात स्वेटर, आणि दहा वाजले की तो काढावा लागणार हे ठरलेले.

खानदेशाला समुद्र नाही. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते, पण भुसावळहून तो समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे. असे असूनही दर शरदात इथे टिलवे, चिखल्या, तुताऱ्या आणि पाणटिवळे उतरतात. पक्षिशास्त्र या सगळ्यांना 'किनाऱ्याचे पक्षी' म्हणते. लहानपणी मला हे कोडे सुटत नसे. समुद्राचे पाखरू आमच्या नदीवर काय करते?

उत्तर त्या काडीपाशी आहे. या पक्ष्यांना खारे पाणी किंवा लाटा लागत नाहीत. त्यांना हवा असतो पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मधला ओला पट्टा, जो नुकताच उघडा पडला आहे आणि ज्यातले किडे, अळ्या, शिंपले अजून जिवंत आहेत. समुद्रावर हा पट्टा भरती-ओहोटी तयार करते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. आमच्याकडे पावसाळा संपताना धरण भरते, मग रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटते, काही ऊन-वारा नेतो, आणि पाणी उतरत जाते ते थेट ज्येष्ठापर्यंत. आठ महिन्यांची एकच ओहोटी. पुराने आणलेल्या गाळामुळे काठाचा उतार अगदी कमी असतो, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. उतार शंभराला एक धरला, तर पाणी एक सेंटीमीटर खाली गेले की कड एक मीटर मागे सरकते. म्हणजे रोज नवे ताट वाढलेले.

उजाडता उजाडता पहिले आले ते टिलवे. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा, चिमणीएवढा हा पक्षी. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात होते. शिवणयंत्राच्या सुईसारखी त्याची चोच चिखलात खाली-वर होत होती, पाय क्षणभर थांबत नव्हते. त्याच्या बाजूलाच छोटा चिखल्या अगदी वेगळ्या रीतीने जेवत होता: चार पावले धावायचे, थबकायचे, बघायचे, टिपायचे. चिखल्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेवर जगतो. टिलव्याला दिसण्याची फारशी गरज नसते, त्याच्या चोचीला कळते.

हे 'कळणे' कसे घडते, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. टिलवा, तुतारी, पाणलावा या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणारी चेतापेशींची टोके गच्च बसलेली असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली टिलव्याच्याच एका मोठ्या भाईबंदावर प्रयोग करून दाखवले, की ओल्या वाळूत चोच खुपसताना कणांमधले पाणी ढकलले जाते आणि दाबाची लाट उठते. वाटेत शिंपल्यासारखी टणक वस्तू असेल तर त्या दाबाची मांडणी बदलते आणि ती पक्ष्याला चोचीत जाणवते. शिंपल्याला चोच लागण्याआधीच शिंपला सापडलेला असतो. आता यातला 'ओल्या' हा शब्द धरून ठेवा. कणांमध्ये पाणी नसेल तर ही युक्ती चालत नाही. चिखल वाळून भेगाळला की टिलवा तिथे का थांबत नाही, ते यावरून समजते.

पाणटिवळ्याची चोच तर आठ ते बारा सेंटीमीटर लांब. एवढी चोच चिखलात पुरल्यावर आख्खी उघडायची म्हटली तर वरचा सगळा गाळ उचलावा लागेल. म्हणून त्याच्या वरच्या चोचीचे फक्त टोक वळते. बाकी चोच मिटलेलीच राहते आणि आत चिमटा उघडतो. शेकाट्या त्याच काठावर गुडघाभर पाण्यात, लांब गुलाबी पायांवर उभा, पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे वेचत असतो. एकाच पट्ट्यात एकाचे खाणे वरच्या थरात, दुसऱ्याचे बोटभर खाली, तिसऱ्याचे अर्धी वीत खाली. तंटा फारसा होत नाही.

आठच्या सुमारास बदकांकडे दुर्बीण वळवली. शरदातली बदके ओळखणे अवघड, आणि नव्याने पक्षी पाहणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो की चित्रांतले रंग आता शोधू नका. वीण आटोपली की बदके उडण्याची सगळी पिसे एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या काळात नराचा भडक पोशाख म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रणच. म्हणून नर मादीसारखाच मळकट होतो आणि आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याच वेशात असतो. भुवई बदकाच्या डोळ्यावरची पांढरी भुवई, जिच्यावरून त्याला नाव मिळाले, ती या दिवसांत सापडतच नाही. थापट्याची फावड्यासारखी चोच मात्र लपत नाही, आणि तलवार बदकाची लांब मानही. इथेच राहणारे हळदी-कुंकू बदक वर्षभर तसेच दिसते; चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू.

मधल्या खोल पाण्यात काळ्याभोर अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी शेकड्यांनी होते. मराठीत या पक्ष्याला वारकरी म्हणतात. मुक्ताईचा हा तालुका, पलीकडे कोथळीला तिचे देऊळ, आणि पाण्यावर ही दिंडी. दर वर्षी पाहूनही माझे मन भरत नाही.

ऊन तापले तसे काठच्या गवतावर चतुरांचे थवे उठले. पिवळट, मोठ्या पंखांचे, न बसता तासन्‌तास तरंगणारे हे चतुर गावोगावची मुले ओळखतात. पावसाच्या डबक्यात घातलेल्या अंड्यापासून चतुर उडेपर्यंत यांना दीड महिना पुरतो. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडले, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे अचानक दिसणारे हे चतुर भारतातून वाऱ्यावर निघालेले असतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेला पोचतात. आपल्या बांधावरचा एखादा त्यांत असेल की नाही हे कुणी सांगावे, पण जात तीच.

दुपारी सावलीत भाकरी खाताना टिलव्यांचा थवा पुन्हा पाहिला. बरेचसे याच उन्हाळ्यात जन्मलेले; पिसांच्या कडा अजून स्वच्छ, पाठीवर पांढऱ्या इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ. किनाऱ्याच्या अनेक पक्ष्यांत मोठे आधी निघतात आणि पिल्ले काही आठवड्यांनी, वाट दाखवणारे कुणी नसताना. पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने १९५८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवासाच्या मध्यावर पकडलेल्या हजारो मैनांसारख्या पक्ष्यांना त्याने हॉलंडहून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. अनुभवी पक्षी वळून आपल्या नेहमीच्या ठिकाणाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्ले मूळच्याच दिशेने उडत राहिली आणि भलत्याच मुलखात उतरली. दिशा जन्मासोबत येते, ठिकाण मात्र एकदा जाऊनच कळते. म्हणून पहिल्या शरदात पिल्लाला चांगला काठ भेटणे फार मोलाचे आहे. तिथे पोट भरले तर ते पुढच्या वर्षी तिथेच येण्याची शक्यता मोठी.

हतनूरचा काठ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत आहे. मला काळजी बेशरमाची वाटते. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप नेमके त्याच ओल्या पट्ट्यात माजते आणि जिथे माजते तिथे चिखल उघडा राहत नाही. जलपर्णीचेही तेच. गाळपेर करणारे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे शेतकरी पाण्यामागोमाग सरकतात. त्यांची नांगरट कडेपासून थोडी लांब राहिली तर पक्ष्यांना तेवढे पुरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चारच्या पुढे एक वयस्क मासेमार डोंगी ओढून वर घेत होते.

"नाना, पाणी कधीपासून उतरतंय?"

"दिवाळी झाली न् लागलं उतरायला, भाऊ. तुम्ही ती काडी कशाला गाडली?"

मी सांगितले. ते काडीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून पाण्याच्या कडेपर्यंत पावले टाकली. एक आणि वर थोडे. मग पाय काळजीपूर्वक मागे घेत परतले, कारण त्या दीड पावलाच्या चिखलात, सकाळी जिथे पाणी होते तिथे, दोन टिलवे चोची खुपसत होते.