टिपू टिप : हस्तिदंत, गुलाम आणि उधारीची वही

पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउनमध्ये एक जुना वाडा आहे. कोरीव लाकडी दार, काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या. मालक हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापारी हमद बिन मुहम्मद अल-मुर्जबी, ऊर्फ टिपू टिप. म्हैसूरच्या टिपूशी याचं काही नातं नाही. आपल्या बंदुकांच्या आवाजावरून लोकांनी हे नाव ठेवलं, असं तो स्वतः सांगे.

त्याचा जन्म १८३० च्या दशकातला. १८४० च्या सुमारास ओमानच्या सुलतानाने दरबारच झांझिबारला हलवला आणि बेटावर लवंगेच्या बागा वाढत गेल्या. बागांना राबणारे हात हवे होते, ते आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून गुलाम म्हणून येत. त्याच वाटेने हस्तिदंत येई. युरोप-अमेरिकेत त्याच्या पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू होत, आपल्याकडे बांगड्या. सुळे डोक्या-खांद्यावरून वाहणाऱ्यांत न्यामवेझी जमातीचे पगारी हमाल असत, तसे गुलामही.

टिपू टिपच्या शौर्याच्या कहाण्या भरपूर आहेत, पण हा धंदा मुळात उधारीचा. कापड, मणी, बंदुका सावकाराकडून उचलायच्या आणि काही वर्षांनी सुळे घेऊन परतायचं. त्याचा मोठा सावकार थारिया तोपन हा कच्छी खोजा. बेटाच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. झांझिबारचा बराचसा हस्तिदंत मुंबई बंदरात उतरे. म्हणजे या वहीची काही पानं आपल्याही दप्तरात आहेत.

१८६७ मध्ये टांगानिका सरोवराच्या दक्षिणेला त्याची गाठ स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टनशी पडली. गुलामगिरीच्या या कट्टर विरोधकाला त्याने एक बकरी, पांढरं कापड, मण्यांच्या चार मोठ्या माळा आणि ज्वारीची पिशवी दिली. वर, इतकं थोडंच देता आलं म्हणून माफीही मागितली. लिव्हिंगस्टनने हे सगळं रोजनिशीत टिपून ठेवलंय. सहा वर्षांनी त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलामगिरीतून सुटलेला हा तरुण नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला होता.

पुढे पूर्व काँगोतल्या कासोंगो भागात टिपू टिपचं जवळजवळ राज्यच झालं. १८८७ मध्ये काँगोवर सत्ता असलेल्या बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने त्याला तिथल्या स्टॅन्ली फॉल्सचा गव्हर्नर नेमलं. गुलामांचा व्यापार थांबवायचं काम त्याच्याच गळ्यात! तीन-चार वर्षांत तो झांझिबारला परतला. पाठोपाठ काँगोत युद्ध पेटलं, १८९३ मध्ये मुलगा सेफू मारला गेला आणि तिकडची मालमत्ता बुडाली.

बेटावरची मात्र शाबूत राहिली. १८९५ च्या सुमारास त्याच्याकडे सात बागा आणि दहा हजार गुलाम होते, असं सांगतात. तिथला गुलामांचा बाजार १८७३ मध्येच बंद झाला होता; पण बागांतली गुलामगिरी कायद्याने मोडायला १८९७ उजाडलं. तेव्हाही सुटका आपोआप नव्हती. गुलामाने स्वतः न्यायालयात अर्ज करायचा आणि नुकसानभरपाई मिळायची ती मालकाला. त्यानंतर आठ वर्षांनी, जून १९०५ मध्ये, टिपू टिप स्टोन टाउनमध्ये हिवतापाने वारला.