२०० मिनिटांची वाटणी: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या बेंचच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो आणि एका संघाचे पाच जण मैदानावर असतात. पाच चोक वीस, म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटे. संघात स्कॉलरशिपवरचे खेळाडू मात्र अनेक वर्षे १३ पर्यंत असत. शिवाय स्कॉलरशिपविना संघासोबत राबणारे तीन-चार जण, ज्यांना तिकडे वॉक-ऑन म्हणतात. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाहते ज्या एका प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात तो या हिशेबातूनच निघतो: बेंचवरच्या त्या पोराला खेळवत का नाहीत?

आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीवरून घराघरांत वाद होतात, पण नाणेफेकीआधी अकरा नावे जाहीर झाली की तो विषय बराचसा मिटतो. बास्केटबॉलमध्ये तो मिटत नाही. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी कोच नवा निर्णय घेत असतो आणि गॅलरीतला माणूस तो मनातल्या मनात तपासत असतो. शिकायला म्हणून अमेरिकेत गेलेली आपली मुले पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या संघाची होऊन जातात, विद्यार्थ्यांच्या गॅलरीत उभ्याने सामने बघतात आणि महिन्याभरात 'रोटेशन' (कोच आलटून-पालटून उतरवतो ते खेळाडू), 'डेप्थ' (बेंचवरच्या चांगल्या खेळाडूंची खोली) हे शब्द त्यांच्या तोंडी बसतात. हा वाद आहे कुठला आणि आला कुठून, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

सुरुवातीला हा वाद संभवतच नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ मांडला तेव्हा वर्गात १८ विद्यार्थी होते. त्यांनी नऊ-नऊचे दोन संघ केले. सगळेच खेळले, बाहेर कुणी उरलेच नाही. एका बाजूला पाच हा आकडा १८९७ च्या सुमारास पक्का झाला. आज जे बेंच आपण बघतो, त्याची पहिली कारणे या पाचच्या आकड्यात आहेत.

तरीही पुढची बरीच वर्षे बेंच म्हणजे अडीनडीची सोय होती. नियमच तसा होता: एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. दमला म्हणून चांगल्या खेळाडूला बाहेर काढणे म्हणजे त्याला गमावणे. १९२०-२१ च्या मोसमापासून एकदा परत येण्याची मुभा मिळाली. १९३३-३४ पासून दोनदा. १९३७-३८ मध्ये प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी चेंडू उडवून खेळ नव्याने सुरू करण्याची पद्धत गेली आणि खेळ थांबायचा तो थांबेनासा झाला. धावपळ वाढली, दमछाक वाढली. मग १९४४-४५ मध्ये बदलीवरची मर्यादा पूर्ण उठली. त्याच मोसमात पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाद हा नियमही आला.

माझ्या मते आजच्या वादाची जन्मतारीख हीच. त्याआधी 'याला का बसवला' या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर होते. १९४४ नंतर उत्तर फक्त कोचकडे उरले, आणि ज्याच्याकडे उत्तर असते त्याच्यावरच बोट रोखले जाते.

पाच फाउलच्या नियमाने तर वेगळाच उपवाद जन्माला घातला. पहिल्या सत्रातच दोन फाउल झाले की त्या खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवायचे, असा रिवाज कोच मंडळींत रुजला. हेतू स्वच्छ आहे, शेवटच्या पाच मिनिटांसाठी तो हाताशी हवा. पण पाचवा फाउल होईल या भीतीने बारा मिनिटे आपणच त्याला बाहेर ठेवले, तर नुकसान आधीच झाले की नाही? बरेचदा तो खेळाडू तीनच फाउलवर सामना संपवतो. उरलेले दोन फाउल वापरलेच जात नाहीत आणि ती बारा मिनिटेही परत येत नाहीत. या मुद्द्यावर मी चाहत्यांच्या बाजूचा आहे.

मिनिटांच्या वाटणीवर सर्वात जास्त विचार कुणी केला असेल तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डीन स्मिथ यांनी. १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे ते कोच होते, ८७९ विजय त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्याकडे 'ब्लू टीम' असे. बेंचवरचे पाचही जण एकदम मैदानात उतरत, मिनिट-दोन मिनिटे जीव तोडून बचाव करत, समोरच्यांना दमवत आणि परत येत. तेवढ्यात मुख्य पाच जणांना दम खायला मिळे. दोनच मिनिटे, पण ती ठरलेली असत, मेहेरबानीची नसत. सरावात घाम गाळणाऱ्या पोराला ठाऊक असायचे की सामन्यात आपला वाटा आहे.

त्यांची दुसरी पद्धत मला त्याहून मोलाची वाटते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची. कोच त्याला लगेच बाहेर घेणार, आणि दम खाऊन झाला की परत कधी जायचे हे तो खेळाडू स्वतः सांगणार. कोचने स्वतःहून बाहेर काढले तर मात्र परतीचा निर्णय कोचचा. एरवी खेळाडू दमल्याचे लपवतात, कारण एकदा बसलो की जागा गेली ही धास्ती असते. स्मिथ यांनी ती धास्तीच काढून घेतली. बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी सगळ्या बेंचने उभे राहायचे, हीही तिथली शिस्त. मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात सगळ्या सीनिअर खेळाडूंना, त्यात वॉक-ऑनही आले, ते सुरुवातीला मैदानात उतरवत. चार वर्षे टाळ्या वाजवणारा पोरगा त्या संध्याकाळी आईवडिलांसमोर पहिल्या पाचांत उभा राही.

तिकडे लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वूडन दुसऱ्या टोकाला होते. सात-आठ जणांच्या पलीकडे ते सहसा जात नसत, आणि १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत त्यांनी १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या बेंचवर स्वेन नेटर नावाचा उंचापुरा सेंटर होता. त्याच्या जागेवर बिल वॉल्टन खेळत असल्याने नेटरला यूसीएलएकडून एकाही सामन्यात पहिल्या पाचांत स्थान मिळाले नाही. तरीही एनबीए या मुख्य व्यावसायिक लीगच्या १९७३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेऱ्यांत, त्याची पहिल्या फेरीत निवड झाली. एबीए या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये तो पदार्पणाच्या वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढे एबीए व एनबीए या दोन्ही लीगमध्ये रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडण्यात, पहिला आला. बेंचवरच्या पोराची किंमत मिनिटांवरून करू नये, असे ज्यांना म्हणायचे असते त्यांच्याकडे नेटरचे उदाहरण कायम तयार असते.

त्या काळात आणखी एक भिंत होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळताच येत नसे, त्यांचा वेगळा फ्रेशमन संघ असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये यूसीएलएच्या नव्या पॉली पॅव्हिलियनमध्ये फ्रेशमन संघाने स्वतःच्याच मुख्य संघाला ७५-६० असे हरवले. मुख्य संघ गतविजेता होता. फ्रेशमन संघात होता ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. असा खेळाडू नियमामुळे वर्षभर बाहेर राहिला. १९७२-७३ पासून ही भिंत पडली आणि वादाला नवे तोंड फुटले: दोन वर्षे निमूट वाट पाहिलेला तिसऱ्या वर्षाचा खेळाडू मोठा, की काल आलेला गुणी पोरगा? चाहत्यांतले निम्मे निष्ठेच्या बाजूने बोलतात, निम्मे गुणवत्तेच्या, आणि दोघांनाही आपल्या संघाबद्दल तितकीच कळकळ असते.

मिनिटे सगळ्यांत सारखी वाटून पाहण्याचे धाडसही झाले आहे. आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजात डेव्हिड आर्सेनॉ यांनी आइस हॉकीसारखी पाच-पाच जणांची फळी दर मिनिटाभराने बदलायला सुरुवात केली. तिथे स्कॉलरशिप नसते, मुले हौसेने खेळतात. जास्तीत जास्त मुलांना खेळायला मिळावे हा त्यामागचा एक उघड हेतू होता. सतत दबाव, सतत लांबून तीन गुणांचे फटके. या पद्धतीची जगभर बातमी झाली ती नोव्हेंबर २०१२ मध्ये, ग्रिनेलच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले तेव्हा. सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून आखलेली पद्धत एकट्याच्या विक्रमाने ओळखली जावी, याची मला आजही रुखरुख वाटते.

मोठ्या मंचावर हाच प्रयोग केंटकीने २०१४-१५ मध्ये केला. कोच जॉन कॅलिपारी यांच्याकडे गुणी खेळाडूंची एवढी रेलचेल होती की त्यांनी पाच-पाचचे दोन संच केले आणि ते आळीपाळीने उतरवले. डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि दोन संचांची काटेकोर रचना सैल झाली, पण मिनिटे वाटली जातच राहिली. कार्ल-अँथनी टाउन्स सरासरी २१ मिनिटे खेळला आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. डेव्हिन बुकर संपूर्ण मोसम बेंचवरून आला, तोही साधारण तेवढीच मिनिटे, आणि १३ व्या क्रमांकावर गेला. दोनच वर्षांनी एनबीएच्या एका सामन्यात त्याने ७० गुण केले. केंटकीने सलग ३८ सामने जिंकले.

मग आला एप्रिलचा पहिला शनिवार-सोमवार, इंडियानापोलिसमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम फेरीचा. या वादाचा सगळा इतिहास त्या दोन रात्रींत सामावला आहे, असे मला वाटते. शनिवारी, ४ एप्रिलला, विस्कॉन्सिनने केंटकीला ७१-६४ असे हरवले. देशातले सर्वात खोल बेंच हरले, तेही मोजक्याच खेळाडूंवर भिस्त ठेवणाऱ्या संघाकडून. निर्णायक क्षणी कोणते पाच, हे केंटकीचे पक्के ठरलेलेच नव्हते, असे अनेक चाहते म्हणाले. सोमवारी अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनसमोर ड्यूक उभे होते. त्यांचे कोच माइक शशेव्हस्की यांची ख्याती आखूड रोटेशनची, आणि त्या वर्षी तर जानेवारीत एका खेळाडूला संघातून काढल्यावर स्कॉलरशिपवाले आठच जण उरले होते. त्या आठांतला शेवटचा होता ग्रेसन अ‍ॅलन हा पहिल्या वर्षाचा पोरगा. मोसमभर त्याची सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास. दुसऱ्या सत्रात ड्यूक ४८-३९ असे मागे पडले, मुख्य खेळाडू फाउलच्या फेऱ्यात अडकले, आणि अ‍ॅलन आत आला. पुढचे आठ गुण त्याने एकट्याने केले. त्याचे सामन्यात १६ गुण झाले आणि ड्यूक ६८-६३ ने जिंकले.

ड्यूकच्या चाहत्यांनी यातून दोन उलट अर्थ काढले. एक गट म्हणतो, बघा, पोरात दम होता, वर्षभर का बसवला? दुसरा म्हणतो, कोचने त्याला नेमक्या क्षणासाठी तयार ठेवला होता. एकाच रात्रीने दोन्ही बाजूंना पुरावा दिला, आणि दोन्हींचे म्हणणे खोडून काढता येत नाही. तीन वर्षांनी, २०१८ च्या अंतिम सामन्यात, व्हिलनोव्हाच्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने बेंचवरून येऊन मिशिगनविरुद्ध ३१ गुण केले. त्याची गोष्ट मात्र वेगळी. तो ठरलेला सहावा खेळाडू, म्हणजे बेंचवरून सर्वात आधी उतरणारा, होता, मिनिटे त्याला नियमित मिळत. सहाव्या आणि आठव्या क्रमांकात जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि चाहते बोलताना ते विसरतात.

आखूड रोटेशन परवडते कसे, याचे एक साधे कारण टीव्हीत आहे. प्रसारित होणाऱ्या सामन्यात प्रत्येक सत्रात जाहिरातींसाठी चार थांबे ठरलेले असतात, साधारण १६, १२, ८ आणि ४ मिनिटे उरली असताना. सामन्यात असे आठ, वर संघांचे स्वतःचे टाइमआउट आणि मध्यंतर. ताज्या दमाचे वीस-बावीस वर्षांचे पोर एवढ्या विश्रांतीवर ३५ मिनिटे सहज काढते. पूर्वी कोचला दमछाकीसाठी बेंच लागायचे, आता ती गरज घटली.

चाहत्यांना दिसते ते फक्त सामन्यातले. सराव बंद दाराआड होतो, आणि मिनिटे प्रामुख्याने तिथे ठरतात. कनेटिकटच्या महिला संघाचे कोच जीनो ऑरिएमा यांनी एकदा पत्रकारांना सांगितले होते की सामन्याची फिल्म बघताना ते बेंचवर काय चालले आहे तेही बघतात. सहकाऱ्यांच्या खेळात जिचे मन नाही ती मैदानात उतरणार नाही, मग ती कितीही गुणी असो. हे कठोर आहे, आणि गॅलरीतून न दिसणारे आहे. पण म्हणून विचारूच नये असे नाही. 'याला खेळवा' म्हणणाऱ्याने फक्त एवढे सांगावे की कुणाची मिनिटे कापून. २०० चे २१० होत नाहीत.

बेंचवरच्या खेळाडूला स्वतःचे उत्तर देता येऊ लागले ते अगदी अलीकडे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले. त्यात नाव नोंदवले की दुसरी विद्यापीठे थेट संपर्क साधू शकतात. तरी विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एका बदलीपुरती ती अट गेली, २०२४ मध्ये जवळजवळ पूर्णच गेली. त्यात जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे आठवा खेळाडू आता वाट बघत नाही, वसंतात निघून जातो. चाहत्यांच्या वादाचा सूरही बदलला. पूर्वी ते म्हणत, खेळवा म्हणजे पुढच्या वर्षी तयार होईल. आता म्हणतात, खेळवा, नाहीतर पुढच्या वर्षी तो आपल्याविरुद्ध खेळेल. स्वेन नेटर आजच्या काळात वॉल्टनमागे थांबला असता का, मला शंका आहे.

सगळ्यात टोकाला बसणाऱ्यांचे काय? सामना हातात आला, वीस गुणांची आघाडी झाली, शेवटचे मिनिट उरले की विद्यार्थ्यांची गॅलरी एखाद्या वॉक-ऑनचे नाव घेऊन घोष करू लागते. कोच मान डोलावतो, पोरगा अंगातला जर्सीवरचा शर्ट काढतो, आणि मुख्य खेळाडू टॉवेल फिरवत उभे राहतात. त्याने एक बास्केट केली तर आवाज निर्णायक बास्केटहून मोठा असतो. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांमध्ये स्कॉलरशिपची संख्या मोकळी झाली, पण संघाचा एकूण आकडा १५ वर बांधला गेला. बेंचचा शेवटचा कोपरा त्यामुळे आखूड झाला आहे, आणि ज्या खुर्च्या गेल्या त्या बहुतेक ठिकाणी याच पोरांच्या होत्या.