जुना बूस्ट कंट्रोलर आणि त्यामागची शंभर वर्षं

नाशिकमध्ये कोणी वापरलेला इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब (बूस्ट) वाढवणारा डबा, विकायला काढला, की चौकशी करणाऱ्यांत डिझेल गाडीवालेही असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना हा डबा उपयोगाचा नाही. का, ते समजायला बरंच मागं जावं लागतं.

टर्बोची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ सालचं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. अडचण अशी, की ताकद वाढली की धूर वाढतो आणि धूर वाढला की टर्बो आणखी जोरात फिरतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. त्यामुळे टर्बोचा इतिहास म्हणजे त्याला लगाम घालण्याचा इतिहास, असं माझं ठाम मत आहे.

१९६२ची ओल्ड्समोबिल जेटफायर याचं उत्तम उदाहरण. दाब जेमतेम ५ पीएसआय, पण इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त. नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणारे ठोके, होऊ नये म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. अनेकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून बूस्ट कमी करायची आणि मग ताकद नसल्याच्या तक्रारी यायच्या. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधे कार्ब्युरेटर बसवले गेले.

पुढे रूढ झाला तो स्प्रिंगवाला वेस्टगेट. ठरावीक दाबाला झडप हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमधला पडदा सरकतो, दांडा ढकलला जातो, झडप उघडते आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर या पडद्याकडे जाणाऱ्या पाइपमध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, बसवतो. थोडा दाब तो बाहेर सोडतो, पडद्याला खरा दाब कळत नाही आणि वेस्टगेटची झडप उशिरा उघडते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंग ओळखणाऱ्या नॉक सेन्सरला असा सोलेनॉइड जोडला, तो मात्र इंजिन वाचवण्यासाठी.

बाजारात सुटे मिळणारे कंट्रोलर गाजले ते मुख्यतः जपानमुळे. तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवून २००४पर्यंत गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) वर नेली नाही. स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा यांच्या इंजिनांत दम त्याहून कितीतरी जास्त होता. तो बाहेर काढायला एचकेएस, ग्रेडी, ब्लिट्झ, अपेक्सी या कंपन्यांचे डबे होते.

आपल्याकडे टर्बो आला तो डिझेलमधून. नाशिकच्याच कारखान्यात बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनात पाती फिरवून दाब सांभाळणारा व्हीजीटी टर्बो आहे. त्याला वेस्टगेटच नाही, मग हा डबा जोडायचा कुठे? टर्बो पेट्रोलमध्ये ऑक्टाव्हिया आरएस, २०१०ची लिनिया टी-जेट, २०१३ची पोलो जीटी टीएसआय आणि पुढे नेक्सॉन, व्हेन्यू अशी रांग लागली. पण या गाड्यांत बूस्ट ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, ताब्यात असतो. बाहेरून दाब वाढवला तर ईसीयूला तो बिघाड वाटतो आणि तो गाडीची ताकदच उतरवतो. म्हणून लोक रीमॅपकडे, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलण्याकडे, वळले आणि जुने कंट्रोलर कपाटात गेले.

कायदाही पाहायला हवा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे खरा गिऱ्हाईक तो, जो गाडी फक्त ट्रॅकवर पळवतो. त्याला डब्यासोबत मूळ सोलेनॉइड, प्रेशर सेन्सर आणि न कापलेली वायरिंग मिळाली पाहिजे. डबा कोणत्या इंजिनावर, किती बार दाबाला चालला हेही विकणाऱ्याने न विचारता सांगावं. सोलेनॉइड अडकून झडप उघडलीच नाही, तर जेटफायरसारखा आपणहून दाब कमी करणारा बंदोबस्त प्रत्येक गाडीत असेलच असं नाही.